मेण आणि काजळी

लॉरेन्स तुस्कानोंचं पत्र सदानंद हिर्लेकरांना तोंडपाठ होतं, आणि हीच मोठी पंचाईत होती. पत्र विसरता आलं असतं तर उत्तर दिलं नाही हेही विसरता आलं असतं. साडेपाच वर्षांपूर्वी, २०१९ च्या मार्च महिन्यात, नंदाखालहून ते आलं होतं. एकच पान, शाळामास्तरांचं वळणदार अक्षर, डावीकडे नीट समास सोडलेला.

'प्रिय हिर्लेकर,' मास्तरांनी लिहिलं होतं, 'आमच्या घरचं नाणं गेल्या महिन्यात मुंबईला एका जाणकारांना दाखवलं. त्यांनी भिंगातून पाहून सांगितलं की ह्यावर कुणीतरी काम केलं आहे. चरा बुजवला आहे आणि वरून खोटा काळेपणा चढवला आहे. स्मरणिकेच्या वेळी नाणं पंधरा दिवस तुमच्याकडे होतं. तेव्हा ते कसं होतं, एवढंच मला चार ओळींत लिहून कळवा. तुमच्याकडून परत आल्यापासून ते ऑगस्टीनच्याच पेटीत आहे, म्हणून विचारतो. भावाला काही बोलण्याआधी खात्री करून घ्यावी म्हणतो. तुमच्या शब्दावर माझा विश्वास आहे.'

चार ओळी. हिर्लेकरांनी मुंबईच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात चौतीस वर्षं नोकरी केली होती. हजारो कार्डं लिहिली होती, लोकांच्या प्रबंधांची मुद्रितं फुकट तपासून दिली होती. पण ह्या चार ओळी काही त्यांच्या हातून उतरल्या नाहीत. कारण साधं होतं. नाण्यावरचं ते काम त्यांनीच केलं होतं.

गोष्ट २०१४ ची. वसईतल्या वाचनालयाची स्मरणिका निघायची होती आणि जुन्या नाण्यांवरचा लेख हिर्लेकरांकडे होता. ते स्वतः काही मोठे संग्राहक नव्हते. चार-दोन डब्या तांब्याची नाणी, एक चांगलं भिंग आणि कपाटभर पुस्तकं, एवढाच पसारा. वाचनालयात लॉरेन्स मास्तरांशी ओळख होती. मास्तरांनी आपण होऊन घरचं नाणं रुमालात गुंडाळून आणून दिलं. पोर्तुगीज अमलातलं चांदीचं नाणं, एका बाजूला क्रूस, आणि क्रूसाच्या चार कोपऱ्यांत सालाचे चार आकडे. तुस्कानोंच्या घरात मूल झालं की त्याच्या पहिल्या आंघोळीच्या पाण्यात हे नाणं टाकायचं, आणि ते घरातल्या सगळ्यात थोरल्या माणसाने टाकायचं, असा त्यांचा रिवाज होता. नाणं राहायचं जुन्या घरात, धाकट्या ऑगस्टीनकडे. थोरले लॉरेन्स त्याच अंगणात पलीकडे नवं घर बांधून राहत. मधे दोघांची मिळून एक विहीर.

आकडे तीनच वाचता येत होते. चौथा काळ्या थराखाली बुडाला होता. जुन्या नाण्याला कधी घासू नये, खरवडू नये, हे हिर्लेकरांनी त्याच लेखात लिहून ठेवलं होतं. पण चौथा आकडा मिळाला तर लेखात पूर्ण साल छापता येईल, ही हाव त्यांना सुटली नाही. पत्नी आशालताबाईंच्या शिवणाच्या डब्यातली सुई घेऊन ते भिंगाखाली बसले. एक काळी कपची उडाली. आकडा दिसला नाही. दुसऱ्या खेपेला सुई घसरली ती क्रूसाच्या आडव्या दांडीपासून थेट कडेपर्यंत गेली. तीनशे वर्षांच्या काळ्या चांदीवर पांढरीशुभ्र रेघ उठली.

तो दिवस त्यांनी हात मांडीवर ठेवून काढला. दुसऱ्या दिवशी मात्र ते विलक्षण चपळाईने कामाला लागले. लबाड लोक असे चरे कसे लपवतात, ते त्यांनी पुस्तकांतून वर्षानुवर्षं वाचलं होतं. फसू नये म्हणून वाचलं होतं. आता तेच त्यांनी पायरी पायरीने केलं. मेण पातळ केलं, त्यात काजळी कालवली, चरा भरला आणि लाकडी काडीने सपाट केला. भोवतालची चांदी सुईने घासून उजळली होती, ती काळी करायला उकडलेल्या अंड्याचा बलक लागतो. हिर्लेकरांच्या घरात कधी अंडं आलं नव्हतं. त्यांनी ते वर्तमानपत्रात गुंडाळून चोरासारखं आणलं, गॅलरीत चहाच्या इलेक्ट्रिक किटलीत उकडलं, बलक कुस्करून स्टीलच्या डबीत नाण्याशेजारी ठेवला आणि झाकण लावलं. संध्याकाळी आशालताबाई नाकाला पदर लावून म्हणाल्या, "गटार तुंबलं वाटतं खालचं." हिर्लेकर म्हणाले, "हो, सोसायटीला सांगतो." ती किटली त्यांनी दुसऱ्या दिवशी भंगारात दिली.

नाणं परत घेताना मास्तरांनी रुमाल उघडूनसुद्धा पाहिला नाही. स्मरणिकेत साल छापलं गेलं ते शेवटच्या आकड्याच्या जागी प्रश्नचिन्ह घालून.

पुढे ते पत्र आलं. हिर्लेकरांनी ठरवलं, रविवारी लिहू. रविवार गेला. महिना गेल्यावर उशिराचीच लाज वाटू लागली आणि उशिराबद्दल काय लिहावं ह्या विचारात आणखी तीन महिने गेले. मग करोना आला. जग बंद झालं तेव्हा त्यांना, कबूल करायला हरकत नाही, थोडं बरं वाटलं. मधल्या काळात वाचनालयात कानावर आलं ते असं. उत्तराची वाट पाहून पाहून मास्तर एके दिवशी ऑगस्टीनच्या दारात उभे राहिले होते. ऑगस्टीन गावातले मोटरपंप दुरुस्त करायचा. त्याच्याकडे कानशी होत्या, डाख द्यायचं सामान होतं, बारीक ड्रिल होतं. ज्याच्याकडे एवढी हत्यारं त्याच्यावर आळ घ्यायला फार बोलावं लागलं नाही. नंतर अंगणात विहिरीच्या पलीकडून बांबूचं कुंपण उभं राहिलं.

ह्या वर्षी गुड फ्रायडेच्या आधीच्या आठवड्यात ऑगस्टीन गेला. हिर्लेकर अंत्यविधीला जायचं म्हणून सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले. दहा वाजले, अकरा वाजले. बारा वाजता त्यांनी शर्ट काढून हँगरला लावला. वाचनालयात मागाहून कुणी सांगितलं की लॉरेन्स मास्तर चर्चमध्ये अगदी शेवटच्या बाकावर बसले होते आणि तिथूनच घरी निघून गेले, दफनभूमीपर्यंत आलेच नाहीत.

ऑक्टोबर उतरणीला लागला होता. दुपारी चारच्या सुमाराला हिर्लेकरांच्या अंबाडी रोडवरच्या फ्लॅटची बेल वाजली. दारात तिशीतली एक बाई उभी होती. धापा टाकत होती आणि पोट पुढे आलेलं होतं.

"सदानंद अंकल ना? मी ग्लोरिया. ऑगस्टीन तुस्कानोंची मुलगी."

हिर्लेकर दारातून बाजूला झाले. आशालताबाईच पुढे झाल्या. "अगं, आत ये ना. दोन जिने चढून आलीस! कितवा?"

"सातवा संपत आला, आँटी."

"आणि नंदाखालहून रिक्षाने आलीस? ह्या खड्ड्यांतून?"

"नाही, सांडोरहून. सासर तिथे आहे माझं. खड्ड्यांचं काही नाही हो, ह्यालासुद्धा सवय झालीय," ती पोटाकडे बघून म्हणाली. "उद्या सरळ रस्त्यावर रडेल बघा."

आशालताबाई हसत पाणी आणायला गेल्या. ग्लोरियाने पर्समधून एक डबी काढली आणि टेबलावर ठेवली. आत काय आहे ते हिर्लेकरांना झाकण उघडण्याआधीच कळलं.

"अंकल, सरळच विचारते. स्मरणिकेतला तुमचा लेख वाचलाय, तुम्हाला ह्यातलं कळतं. पहिलं बाळंतपण माझं माहेरी, नंदाखालला होणार. बाळाच्या पाण्यात हे टाकायचं ते मोठ्या पप्पांनी, लॉरेन्स पप्पांनी. मी त्यांच्याकडे गेले होते. ते म्हणाले, बाटवलेल्या वस्तूला मी हात लावणार नाही, आणि त्या घरात पायही ठेवणार नाही. मम्मी म्हणते, सोड ना, नाण्यावाचून काय बाळ आंघोळीचं राहतंय? पण मला ते सोडवत नाही."

"नाणं नसलं तरी..." हिर्लेकर पुटपुटले.

"नाण्याचं नाही हो." ती पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरून म्हणाली, "पप्पा शेवटपर्यंत म्हणत राहिले, मी हात लावलेला नाही. एकदा मीच त्यांना विचारलं, पप्पा, खरं काय ते सांगा, मी कुणाला बोलणार नाही. त्यानंतर चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. म्हणून आले. त्यांनी केलं असेल तर तसं सांगा, मी ऐकून घेईन. नसेल केलं तर तेही मला कळायला हवं. तुम्ही बघा आणि सांगा."

हिर्लेकरांनी भिंग काढलं, कारण काहीतरी करणं भाग होतं. नाणं चिमटीत कडेला धरून ते गॅलरीच्या दाराशी गेले. उजेड वरून घ्यायचा नसतो, बाजूने घ्यायचा असतो, म्हणजे पृष्ठभागावरचा प्रत्येक उंचसखलपणा सावली टाकतो. त्यांनी नाणं हळूहळू कलतं केलं. ग्लोरिया शेजारी येऊन उभी राहिली तसे ते सवयीने सांगू लागले. सांगण्यात तेवढा आडोसा होता.

"हे बघ. जुना काळेपणा खोबणीत दाट असतो आणि उंचवट्यांवर विरळ, कारण हाताळून हाताळून उंचवटे पुसले जातात. इथे ह्या दांडीखाली मात्र तो सगळीकडे सारखा आहे. आता नाणं फिरवतो. चांदीवरचा काळा कसा चमकतो बघ, आतून निळसर. आणि हा पट्टा? हा फिरत्या उजेडात मेलेला राहतो. तो चांदीवरचा नाहीच. तो भरलेला आहे."

"कशाने?"

टेबलावरच्या दिव्याच्या उबेत त्यांनी नाणं पाचेक मिनिटं ठेवलं. मग दात कोरायच्या काडीने त्या पट्ट्याला अलगद स्पर्श केला. काळपट मऊ दोरा काडीला लागून वर आला आणि त्याखाली पांढरी रेघ उघडी पडली. दहा वर्षांनंतरही ती तशीच होती.

आणि त्या क्षणी हिर्लेकरांच्या मनात आलं ते हे, की काम चांगलं झालं होतं. काय सफाईने भरलं होतं! जन्मभर ज्याने स्वतःच्या हाताला वेंधळा म्हटलं, त्याच्या हातून एवढी एकच गोष्ट नीट झाली होती. मग स्वतःच्याच विचाराची त्यांना किळस आली आणि त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"म्हणजे केलंय कुणीतरी," ग्लोरिया म्हणाली.

"केलंय."

"कुणी?"

"हे... असं नुसत्या पाहण्याने सांगणं कठीण असतं. पुस्तकांत सुद्धा मतभेद आहेत. मला जरा वेळ दे. मी लिहून पाठवतो."

ग्लोरिया त्यांच्याकडे पाहत राहिली. हिर्लेकर चष्मा पुसत होते. तिने डबीचं झाकण लावलं.

"कळलं मला, अंकल. तुम्हालाही तेच वाटतंय, पण तोंडावर बोलवत नाही. तुम्ही चांगली माणसं आहात. पप्पांच्या माघारी कशाला वाईट बोलायचं, म्हणून गप्प बसताय." तिने पर्स खांद्याला अडकवली. "पप्पा माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत, ते मी मनाला लावून घेतलं होतं. ठीक आहे. आता ते तरी सुटलं."

"अगं, चहा टाकलाय मी," आशालताबाई आतून म्हणाल्या.

"नको आँटी. रिक्षा मिळत नाही मग."

ती कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागली. हिर्लेकर उघड्या दारात उभे होते. तिचं एवढं सगळं बोलणं आपण ऐकून घेतलं आणि चष्मा पुसत राहिलो, हे त्यांना आत्ता कळत होतं. ती वळणावर पोचली तेव्हा ते अनवाणीच बाहेर आले.

"ग्लोरिया. मी केलं ते."

ती वर पाहू लागली.

"ऑगस्टीनने नाही. मी. लेखासाठी आकडा वाचायचा होता. सुई घसरली. मग मेणात काजळी घातली आणि... अंड्याने काळं केलं."

 खालच्या मजल्यावर कुणाचा तरी कुकर शिट्टी देऊन गेला.

"अंड्याने?" ग्लोरिया म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. ते थांबेना. कठडा धरून ती हसत होती आणि डोळे भरून येत होते. "मोठ्या पप्पांनी आमच्या पप्पांच्या कानशी मोजल्या होत्या, अंकल! अंगणात ओळीने मांडून! ह्यातली कुठली वापरलीस, म्हणून विचारत होते. आणि तुम्ही अंड्याने?"

हिर्लेकरांनी मान खाली घातली. "मला त्यांनी तेव्हा पत्र लिहिलं होतं. मी उत्तर दिलं नाही. मी आता लिहून देतो, तू घेऊन जा."

हसू एकदम ओसरलं. "मी नाही नेणार."

"का?"

"माझ्या हातून गेलं तर ते म्हणतील, पोरीने म्हाताऱ्याला गळ घालून लिहून घेतलं. त्यांनी तुम्हाला पोस्टाने विचारलं ना? तुम्ही पोस्टाने सांगा." दोन पायऱ्या उतरून ती परत थांबली. "पप्पा आजारी होते तेव्हा तुम्ही हे लिहिलं असतं ना, तर बरं झालं असतं." हे ती रागावून म्हणाली असती तर हिर्लेकरांना सोसलं असतं. ती साधेपणाने म्हणाली आणि गेली.

आत आशालताबाईंनी चहाचे दोनच कप भरले होते.

"मला वास आला होता हो त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "अंड्याचा वास कुणाला कळत नाही? पण तुमचा चेहरा इतका उतरला होता की म्हटलं, गटारच म्हणू. वाटलं, कुणी डॉक्टरने खायला सांगितलं असेल नि लाजत असाल."

हिर्लेकर चहाला शिवले नाहीत. "लॉरेन्स मास्तरांना ऐंशी पूर्ण झाली. आता जाऊन त्यांना सांगायचं, की तुम्ही ज्याच्याशी पाच वर्षं बोलला नाहीत, ज्याच्या मातीला गेला नाहीत, त्याने काहीच केलं नव्हतं? भाऊ तर गेला. आता माफी मागायलाही जागा नाही. हे सोसेल का त्यांना? न सांगण्यातच..."

"त्यांची काळजी तुम्ही पाच वर्षं केलीत," आशालताबाई कप उचलत म्हणाल्या. "तेवढी पुरे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते लिहायला बसले. पहिला मसुदा चार पानी झाला. त्यात नाण्यांच्या पृष्ठभागावर होणाऱ्या नाना प्रकारच्या छुप्या कामांची माहिती होती आणि हिर्लेकर स्वतः तिसऱ्या पानावर उगवत होते. तो त्यांनी फाडला. दुसऱ्या मसुद्यात चरा आपोआप पडला होता. तोही फाडला. तिसऱ्यात करोना होता, डोळ्यांचं ऑपरेशन होतं, आणि शेवटी क्षमेबद्दल एक पूर्ण परिच्छेद होता. तो त्यांना पुष्कळ आवडला, म्हणूनच संशय आला. ज्या माणसाला हे रात्रंदिवस जाळणार, त्याच्याकडेच उलट काहीतरी मागायचं? परिच्छेद गेला. पाठोपाठ ऑपरेशन गेलं आणि करोनाही गेला. दुपारी जेवणाआधी जे उरलं ते असं होतं:

'प्रिय लॉरेन्स सर,

आपल्या १२ मार्च २०१९ च्या पत्राचं हे उत्तर. नाणं माझ्याकडे आलं तेव्हा त्यावर चरा नव्हता. तो मी सुईने पाडला. मेण आणि काजळी घालून मीच तो बुजवला, आणि नाणंही मीच काळं केलं. ऑगस्टीन यांनी नाण्याला काहीही केलेलं नाही. हे मला माहीत असताना मी आपल्याला कळवलं नाही. हे पत्र आपण कुणालाही दाखवावं.

सदानंद हिर्लेकर'

चार ओळींहून थोडं जास्तच झालं होतं. पत्ता लिहिताना त्यांच्या मनात शंका आली, मास्तर अजून स्वतः पत्रं वाचत असतील का, की सून वाचून दाखवत असेल. मग आणखी एक शंका आली, आणि तिच्यामागून आणखी एक. पाकीट चिकटवून झाल्यावर त्यांनी ते उजेडात धरून पाहिलं, आत कागद आहे ना म्हणून.

कोपऱ्यावरच्या लाल पेटीत टाकावं असं आधी ठरलं होतं. पण ती पेटी कुणी उघडतं की नाही देव जाणे, आणि न उघडलेल्या पेटीच्या आधाराने आपण आणखी पाच वर्षं सुखाने काढू, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून रिक्षा करून ते पोस्टात गेले. स्पीड पोस्टच्या खिडकीला सात-आठ माणसं होती. ऊन पाठीवर येत होतं. पुढचा माणूस सरकला की हिर्लेकर तिथेच उभे राहायचे आणि मागच्याला त्यांना हलकेच ढकलावं लागायचं.

खिडकीतल्या बाईने पाकीट वजनाच्या काट्यावर टाकलं. "नंदाखाल? इथल्या इथे स्पीड पोस्ट करताय, काका? रिक्षाने अर्ध्या तासात हातात द्याल."

"हो," हिर्लेकर म्हणाले. "तरी पण पोस्टानेच."

"मोबाईल नंबर सांगा. पोचलं की मेसेज येईल."

त्यांनी नंबर सांगितला. तो सांगताना एक आकडा चुकला, परत सांगितला. बाईने पाकिटावर पट्टी चिकटवली आणि ते मागच्या ढिगावर भिरकावलं. ते दोन पाकिटांच्या मधे उताणं पडलं. लॉरेन्स तुस्कानो हे नाव तिथून स्पष्ट वाचता येत होतं. ते परत मागून घ्यायला अजून वेळ होता. त्यांनी तोंड उघडलं सुद्धा.

"अजून काही आहे का?" बाईने विचारलं.

"नाही."

"मग सरका ना काका," मागून कुणीतरी म्हणालं. "झालं ना तुमचं?"

हिर्लेकर पावती हातात घेऊन बाजूला झाले.